शिक्षेच्या मुद्द्यावर

फौजदारी खटल्याचं निकालपत्र हाती आलं की मी आधी शेवटची पानं उघडते. घटना, साक्षी, उलटतपास, पंचनामे, वैद्यकीय अहवाल हे सगळं तोवर येऊन गेलेलं असतं. दोष शाबीत झाला असं लिहून होतं आणि मग न्यायाधीश जरा थांबतात. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकलं, अशा अर्थाच्या वाक्याने पुढचा परिच्छेद सुरू होतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे थांबणं बंधनकारक केलं आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. वय किती, घरी कोण कोण आहे, कमावणारा हा एकटाच का, आधी कधी गुन्हा केला होता का, हे सगळं तिथे विचारलं जातं. इतका वेळ ‘आरोपी क्रमांक १’ असलेला माणूस तिथे कुणाचा तरी बाप होतो, कुणाचा तरी मुलगा होतो. कायद्याच्या सगळ्या लिखाणात ही दोन-तीन पानं मला सर्वांत जवळची वाटतात. दयेला कायद्यात हक्काची जागा असली पाहिजे असं मी मानते, आणि हा लेख लिहूनही मानणार आहे.

म्हणूनच दोषी पोलिसांचे निकाल वाचताना मन अडकतं. कोठडीत मारहाण केलेली, खोटी कागदपत्रं केलेली, कधी जीवच घेतलेली माणसं. आधी शंभर पानं न्यायालय संतापलेलं असतं. रक्षकच भक्षक झाले, समाजाचा विश्वास उडाला, असं कडक भाषेत लिहिलेलं असतं. आणि शेवटच्या पानांत आवाज एकदम खाली येतो. इतकी वर्षं निष्कलंक सेवा. गुणवत्तेचे शेरे, बक्षिसं. नोकरी गेली, निवृत्तिवेतनावर पाणी पडणार. तुरुंगात इतर कैद्यांकडून जिवाला धोका. खटला फार वर्षं रेंगाळला, आता वय झालं. जे घडलं ते कर्तव्य बजावताना घडलं.

यातलं एकही कारण खोटं नसतं. मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलंय. नोकरी खरोखरच गेलेली असते, वय खरोखरच झालेलं असतं. पण ही सगळी कारणं एका ठिकाणाहून आलेली असतात, वर्दीतून. ज्या वर्दीमुळे समोरचा माणूस निमूटपणे ठाण्यात आला, हात बांधून बसला, मार खाताना उलटून हात उचलू शकला नाही, तीच वर्दी शेवटच्या पानावर शिक्षा कमी करायला उभी राहते.

ओडिशातल्या कटक शहरातलं एक प्रकरण आहे. १९८५ साली पुरीघाट पोलीस ठाण्यात एका माणसाला मारहाण झाली आणि तो मेला. दोन पोलीस अधिकाऱ्यांवर खटला चालला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा दोषसिद्धी उरली होती भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली, म्हणजे घातक हत्याराने दुखापत केल्याबद्दल, आणि शिक्षा होती एक वर्षाची. मेलेल्या माणसाच्या मरणाचा त्या कलमात कुठेच उल्लेख नाही. आरोपींनी तडजोडीची परवानगी मागितली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ती साफ नाकारली. लोक पोलीस ठाण्यात रक्षणाच्या आशेने येतात, तिथेच अशी क्रूरता झाली तर ती सगळ्या समाजाच्या काळजीची गोष्ट आहे, अशा अर्थाचं न्यायालयाने लिहिलं. वाचताना बरं वाटतं. मग शिक्षेचा मुद्दा येतो. घटनेला पस्तीस वर्षं झाली, आरोपी पंचाहत्तरीत आहेत. एक वर्षाचे सहा महिने झाले, आणि दोघांनी प्रत्येकी साडेतीन लाख रुपये वारसांना द्यावेत असं ठरलं.

पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला तुरुंगात पाठवताना न्यायाधीशाचा हात अडखळला तर मी त्याला दोष देत नाही. माझाही अडखळला असता. पण ही पस्तीस वर्षं आली कुठून, हा प्रश्न त्या परिच्छेदात विचारलेला नाही, आणि तो कोणत्याच निकालात फारसा कुणी विचारत नाही. साधा चोर खटला लांबवू शकत नाही, बहुतेकदा तो आतच असतो. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांच्या आसपास कैदी होते, त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे निकालाची वाट बघणारे. त्यांचंही वय वाढतं. त्यांची आई मरते, मुलं शाळा सोडतात. निकालाआधीच ते शिक्षा भोगत असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत उशीर ही दयेची बाब होण्याची वेळच येत नाही.

पोलीस आरोपी असतो तेव्हा उशीर वेगळ्या रीतीने तयार होतो. गुन्हा ठाण्यात घडलेला असतो आणि साक्षीदार ठाण्यातलेच असतात. ठाण्याची नोंदवही त्यांच्याच हातात असते आणि मेलेला माणूस कधी आला, कुणी आणला, हे तीच सांगते. तपासही बहुतेकदा खात्यातलंच कुणीतरी करतं. १९९५ साली मध्य प्रदेशातल्या एका कोठडी मृत्यूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट लिहून ठेवलंय की बंधुभावाने बांधलेले पोलीस सहकाऱ्याला वाचवायला गप्प राहणं पसंत करतात, म्हणून अशा खटल्यात प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो. त्याआधी दहा वर्षं, १९८५ मध्ये, विधी आयोगाने सुचवलं होतं की कोठडीत इजा झाली असेल तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, आणि तसं नसल्याचं पोलिसांनी सिद्ध करावं. ती सूचना आजवर कायदा झाली नाही. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता मात्र अजून दिलेली नाही. म्हणजे उशिराची यंत्रणा जशीच्या तशी आहे, आणि त्या यंत्रणेतून निघालेली वर्षं आरोपीच्या खात्यावर जमा होतात.

अर्थात निकालाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचणारे फारच थोडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वीस वर्षांच्या आकडेवारीवरून २०२१ साली वृत्तपत्रांत आलेला हिशेब असा होता: १,८८८ कोठडी मृत्यू, पोलिसांविरुद्ध ८९३ गुन्हे, ३५८ पोलिसांवर आरोपपत्रं, दोषी ठरले २६. या सव्वीसांबद्दल कुणी म्हणेल, इतक्या गाळणीतून पुढे आले ते बिचारे, त्यांनाच कशाला धरता? मला हे उलटं दिसतं. ज्या गुन्ह्यात पकडलं जाण्याची भीती जवळपास नाही, तिथे क्वचित शाबीत झालेल्या एका खटल्याचं वजन खूप मोठं असतं. पुढच्या ठाण्यात, पुढच्या रात्री, पट्टा हातात घेतलेल्या माणसाच्या डोक्यात तोच एक निकाल असणार आहे.

शिक्षा कमी करण्याची कारणं एका खटल्यात कधी नव्हे इतकी उघडपणे मांडून तपासली गेली. तो खटला अमेरिकेतला आहे. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून दांडक्यांनी मारलं. समोरच्या घराच्या गच्चीतून कुणीतरी ते चित्रित केलं आणि जगाने पाहिलं. राज्याच्या न्यायालयातल्या ज्यूरीने एप्रिल १९९२ मध्ये पोलिसांना सोडलं, शहर पेटलं, साठाहून जास्त माणसं मेली. नंतर केंद्राने नागरी हक्कभंगाचा वेगळा खटला भरला आणि १९९३ मध्ये सार्जंट स्टेसी कून आणि लॉरेन्स पॉवेल हे दोघे दोषी ठरले. शिक्षेच्या मार्गदर्शक तक्त्याप्रमाणे त्यांना ७० ते ८७ महिने मिळायला हवे होते. न्यायाधीशांनी ३० महिने दिले.

का, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. किंगच्या वागण्याने प्रसंग चिघळला. हे पोलीस असल्याने तुरुंगात त्यांना त्रास होण्याची भीती आहे. नोकरी जाणारच आहे. पोलिसात राहणारच नाहीत, तर पुन्हा असा गुन्हा करण्याची शक्यता नाही. आणि एकाच घटनेसाठी दोन खटल्यांचा ताप त्यांनी सोसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून १९९६ मध्ये त्या न्यायालयाने एकेक कारण उचलून पाहिलं. नोकरी जाणं हे कारण त्यांनी फेटाळलं, कारण सरकारी अधिकार वापरून कुणाचे हक्क तुडवणाऱ्याची नोकरी जाणं यात असाधारण काय आहे? ते या गुन्ह्यात गृहीतच आहे. पुन्हा गुन्हा करणार नाही, हेही फेटाळलं. तुरुंगातला धोका आणि दोन खटल्यांचा ताप ही कारणं मात्र मान्य झाली, आणि किंगच्या वागण्याचं कारणही. प्रकरण फेरविचारासाठी परत गेलं. खालच्या न्यायाधीशांनी पुन्हा तेच ३० महिने कायम केले. दोघंही तोवर सुटून घरी गेले होते.

नोकरीबद्दलचं त्या न्यायालयाचं म्हणणं मी मनात घट्ट धरून ठेवलंय. अधिकार काढून घेणं ही शिक्षा नव्हे, ती शिक्षेआधीची साफसफाई आहे. ज्या हातात दांडकं सुरक्षित नाही त्या हातातून ते काढून घेतलं, एवढंच. बँकेत अफरातफर केलेल्या कारकुनाची नोकरी जाते म्हणून कुणी त्याची कैद अर्धी करत नाही.

तुरुंगातल्या धोक्याचं कारण मला जास्त अवघड वाटतं. तो धोका काल्पनिक नाही. ज्यांना याने पकडलं, कदाचित मारलं, त्यांच्यात आता याला राहायचंय. पण तुरुंगात धोका असलेला तो एकटाच असतो का? लहान अंगाचा पोरगा, जातीने दुबळा, मनाने खचलेला, कुणाचंच पाठबळ नसलेला, अशा कितीतरी कैद्यांना धोका असतो, आणि त्यांच्या निकालपत्रात त्याची ओळही नसते. कैद्याचा जीव सांभाळणं हे तुरुंगाचं काम आहे, त्याला वेगळं ठेवता येतं, ठेवतातही. तुरुंग असुरक्षित आहे असं न्यायालयाला खरोखर वाटत असेल, तर तो तुरुंग सगळ्यांसाठी सुरक्षित करा असं लिहायला हवं. एकाला त्यातून लवकर बाहेर काढणं हा त्यावरचा उपाय कसा होईल?

आणि ‘पीडिताचं वागणं’. हे कारण आपल्याकडेही ओळखीचं आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला, जो मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो, तो मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या दोघांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरली. सोबत एक फटही ठेवली गेली: ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ असतील तर न्यायालय दहाच्या खाली जाऊ शकेल.

ती फट वापरली गेली ती पोलिसांसाठीच. हरयाणातल्या एका खटल्यात दोन पोलिसांना खालच्या न्यायालयाने दहा वर्षं दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली होती. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली. कारणांत पीडित मुलीच्या वर्तनाचा उल्लेख होता. पुन्हा निदर्शनं झाली, फेरविचाराची याचिका झाली. न्यायालयाने खुलासा केला की वर्तन म्हणजे चारित्र्य असं आम्हाला म्हणायचं नव्हतं, तिने लगेच कुणाला सांगितलं नाही, काही दिवस गप्प राहिली, एवढंच म्हणायचं होतं. पाच वर्षं तशीच राहिली. हा खुलासा मला मूळ वाक्याइतकाच जखम करणारा वाटतो. पोलिसांनी अत्याचार केलाय, तर तिने जाऊन सांगायचं होतं कुणाला? तिचं गप्प राहणं हा त्या गुन्ह्याचाच भाग होता. वर्दीने तिची दाद मागायची जागाच काढून घेतली होती, आणि ती जागा नव्हती म्हणून गुन्हेगाराची पाच वर्षं वाचली. कायद्यातली ती फट बुजायला २०१३ साल उजाडावं लागलं.

हे लिहिताना मला सारखा एक निवृत्त फौजदार आठवतो. ओळखीतले आहेत, वयाने मोठे, मला ताई म्हणतात. अशाच एका निकालावर आमचं बोलणं चाललं होतं. मी माझं म्हणणं बरंच तावातावाने मांडलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ताई, शिपायाला आत टाका, माझी हरकत नाही. पण ‘संध्याकाळपर्यंत रिकव्हरी पाहिजे, काय करायचं ते करा’ असं फोनवर सांगणारा साहेब कुठल्या कलमात बसतो, ते मला दाखवा.”

मला ते दाखवता आलं नाही. त्यांच्या बोलण्यात मला सौम्य शिक्षांचं एक असं कारण दिसलं जे कुठल्याच निकालात लिहिलेलं नसतं. पिंजऱ्यात उभे असतात ते हवालदार, नाईक, फार तर उपनिरीक्षक. त्यांनी मारलं हे खरं, पण ‘डिटेक्शन’चा तगादा लावणारे, गुन्हा उघड झाल्यावर पत्रकार परिषदेत पाठ थोपटून घेणारे तिथे नसतात. न्यायाधीशालाही ते माहीत असतं. आणि आपणही तिथे नसतो. ‘दोन ठेवून दिल्याशिवाय कबूल होणार नाहीत’ हे वाक्य मी सुशिक्षित, सभ्य घरांत कितीदा ऐकलंय. चकमकीत कुणी मारला गेला की पेढे वाटणारे लोक आपल्यातलेच असतात. सगळ्यांनी मिळून ज्याला मारायला सांगितलं त्या एकट्यालाच पूर्ण शिक्षा कशी द्यायची, हा संकोच त्या सौम्यपणात कुठेतरी असतो असं मला वाटतं.

संकोच खरा असला तरी त्याची किंमत चुकीचा माणूस मोजतो. साहेब सुटतो म्हणून शिपायाला अर्धी शिक्षा, यात मेलेल्याच्या घरच्यांना काय मिळालं? वरचा सुटतोय याचं उत्तर वरच्याला पिंजऱ्यात आणणं हे आहे. शिवाय शिक्षा झाल्यावरही हात थांबत नाहीत. मुंबईत २००६ साली झालेल्या एका बनावट चकमकीबद्दल २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली. दोन वर्षांनी राज्य सरकारनेच त्यांतल्या ११ जणांची शिक्षा तात्पुरती स्थगित केली. मेलेल्या माणसाचा भाऊ वकील होता, तो लढत राहिला आणि उच्च न्यायालयाने ती स्थगिती रद्द केली. भाऊ वकील नसता तर?

अमेरिकेत तर २०२५ च्या जुलैमध्ये याहून पुढची गोष्ट घडली. ब्रिओना टेलर ही तरुणी ज्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेली, त्या तिच्या घरावर २०२० मध्ये पडलेल्या छाप्यात पडदे ओढलेल्या खिडक्यांतून आंधळा गोळीबार करणारा अधिकारी ब्रेट हॅंकिसन केंद्रीय न्यायालयात दोषी ठरला होता. त्याच्या गोळ्या कुणाला लागल्या नव्हत्या, हे खरं. पण ज्या न्याय विभागाने खटला चालवला होता त्यानेच, सरकार बदलल्यावर, न्यायाधीशांना विनंती केली की त्याला एक दिवसाची कैद द्यावी. एक दिवसाची. न्यायाधीशांनी ती मानली नाही आणि ३३ महिने दिले.

प्रत्येक कमी शिक्षा मला चुकीची वाटते असं मात्र नाही. किम पॉटर ही मिनेसोटातली पोलीस अधिकारी. २०२१ मध्ये विजेचा झटका देणारं साधन समजून तिने पिस्तूल काढलं आणि डाँटे राइट नावाचा वीस वर्षांचा मुलगा मेला. तक्त्याप्रमाणे सात वर्षांच्या वर शिक्षा व्हायची, न्यायाधीशांनी दोन वर्षं दिली. ती शिक्षा मी बराच काळ मनात उलटसुलट करून पाहिली. त्या मुलाच्या आईच्या जागी उभं राहिलं की दोन वर्षं हा अपमान वाटतो. पण तिथे चूक होती, छळ नव्हता. तिच्या हातून काय घडलं हे कळताच ती तिथेच कोसळली. चूक आणि क्रूरता यांत फरक करणारी दया मला समजते. कोठडीत तासन् तास चालणाऱ्या मारहाणीत चूक कुठे असते? पहिल्या फटक्यानंतर दुसरा मारायचा की नाही, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवलेलं असतं.

वर्दी शिक्षा वाढवण्याचं कारण ठरू शकते, हे न्यायालयांना माहीत नाही असंही नाही. लंडनमध्ये वेन कझन्स या पोलिसाने २०२१ मध्ये ओळखपत्र दाखवून, बेड्या घालून, खोटी अटक करून एका तरुणीला पळवलं आणि मारलं. न्यायाधीशांनी त्याला मरेपर्यंत तुरुंगातून सुटका नाही अशी शिक्षा दिली, आणि कारण म्हणून त्याचं पोलीस असणंच पुढे ठेवलं. त्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरणाऱ्या डेरेक शोविनला साडेबावीस वर्षं झाली. तक्त्यात साडेबारा होती. अधिकाराच्या जागेचा गैरवापर आणि विशेष क्रूरता या कारणांनी न्यायाधीशांनी ती वाढवली. शोविनच्या मागे सगळ्या जगाने पाहिलेली चित्रफीत होती. कझन्सने वर्दीचा उपयोग स्वतःच्या खाजगी गुन्ह्यासाठी केला होता. माझी शंका अशी की न्यायालयं कठोर होतात ती बहुतेकदा या दोन वेळी: जग बघत असतं तेव्हा, किंवा पोलिसाने वर्दी पांघरून स्वतःचं काही साधलं तेव्हा. बंद खोलीत, ‘कामाचा भाग’ म्हणून केलेल्या हिंसेला मात्र कामाची सवलत मिळते. मरणाऱ्याला या फरकाने काही फरक पडत नाही.

आपल्याकडे याला छेद देणारा एक निकाल आहे आणि तो नागपूरचा आहे. १९९३ साली चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका माणसाला कबुलीसाठी मारहाण झाली, तो मेला. पोलीस कर्मचारी दोषी ठरले ते दंड संहितेच्या कलम ३३० खाली, कबुली उकळण्यासाठी दुखापत करण्याच्या गुन्ह्यात, आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षं केली. कलमात जास्तीत जास्त तेवढीच आहे. उशीर इथेही होता, वयं इथेही झाली होती. पण ज्यांच्यावर कायदा राखायची जबाबदारी होती त्यांनीच तो मोडला, म्हणून शिक्षाही त्या प्रमाणात कडक हवी, असं न्यायालयाने ठरवलं. कटकची पस्तीस वर्षं आणि नागपूरची पंचवीस वर्षं शेजारी ठेवली की दिसतं की उशीर आपोआप सौम्यपणाकडे नेत नाही. न्यायाधीशाने तो कुणाच्या खात्यावर मांडायचा हे ठरवायचं असतं.

पण नागपूरच्या शिक्षेची वाढ झाली कशी, हे बघायला हवं. शिक्षा वाढवून द्या असं अपील राज्य सरकारने केलं होतं, म्हणून ती वाढू शकली. सरकारने ते केलं याबद्दल मला आदर आहे. मात्र मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ते करता आलं नसतं. २००९ च्या शेवटी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला जोडलेलं परंतुक, म्हणजे मूळ नियमाला अपवाद करणारी पुरवणी ओळ, अमलात आलं आणि पीडितांना पहिल्यांदा स्वतःचा अपिलाचा हक्क मिळाला. तो तीन बाबतींत आहे: आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरला गेला, किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली. शिक्षा अपुरी आहे, ही बाब त्यात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टच केलं: अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील करायचं ते फक्त सरकारने, कलम ३७७ खाली. पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो, पण तो हक्क नाही, ते न्यायालयाच्या विवेकावर आहे. नव्या संहितेत कलमांचे आकडे बदलले, रचना तीच राहिली.

इतर खटल्यांत ही रचना कदाचित चालून जाते, कारण सरकार आणि गुन्हेगार वेगवेगळे असतात. इथे गुन्हेगार सरकारचा नोकर असतो. त्याचा पगार, बढती, बदली ज्या गृहखात्याकडून होते, त्याच खात्याच्या फायलीवरून ठरतं की सहा महिने पुरेसे आहेत की नाहीत. ज्या बाईचा नवरा ठाण्यातून परत आला नाही, तिला नुकसानभरपाईचे रुपये कमी पडले म्हणून वरच्या न्यायालयात जाता येतं, पण शिक्षा कमी पडली म्हणून जाता येत नाही. ‘किंवा अपुरी शिक्षा’ एवढे शब्द त्या परंतुकात घालायला संसदेची एक दुरुस्ती पुरेल. सगळ्या गुन्ह्यांसाठी ती करायची की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि तुरुंग आधीच भरलेत हा त्यातला वजनदार मुद्दा आहे. पण दोषी माणूस सरकारी नोकर असेल आणि गुन्हा त्या अधिकारातून घडला असेल, त्या खटल्यांपुरती तरी ती आधी व्हावी.